बाईंची ओटी

"हिरवी साडी न्हाई घ्यायची," अक्काताई म्हणाल्या. "भिंतीवरचं घड्याळ द्या. गेल्या साली चौथीनं तेच दिलंतं."

अरुणा वहीत नाव लिहिता लिहिता थांबली. चौथी 'ब'च्या पोरांच्या घरी ती तीन दिवस वर्गणीसाठी फिरत होती. पोरं आता हायस्कुलात जाणार, म्हणून विद्याश्रीबाईंना निरोपाची भेट द्यायची आणि त्यासाठी घरटी पन्नास रुपये काढायचे, असं आयांनी ठरवलं होतं. कुणी कुरकुर केली नाही. अडलं ते इथं. अक्काताई वर्गातल्या रुद्रेशची आजी, पण सगळ्या आयांची सासू असल्यासारख्या वागायच्या, आणि त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

"साडी, चुडा आणि ओटी," अरुणा म्हणाली. "ठरलंय अक्काताई."

"ओटी सवाष्णीची. बाईंचा नवरा कुठं हाय?"

ह्याचं उत्तर नऊ महिने कुणाकडंच नव्हतं. गेल्या जुलैत महापूर आला, तेव्हा बाईंचे यजमान सोमशेखर नदीकाठची पाण्याची मोटार काढायला शिरोळच्या मळ्यात गेले, असं बाई सांगायच्या. आपणच त्यांना एसटीत बसवून दिलं, म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी रस्ते बंद झाले. पाणी ओसरल्यावर मोटार सापडली नाही आणि माणूसही सापडला नाही.

मदतीचे कागद घेऊन तलाठी आला, तर बाईंनी सही केली नाही. "माणूस दिसल्याशिवाय गेला असं मी कसं लिहून देऊ?" एवढंच म्हणाल्या. कपाळावरचं कुंकू आणि गळ्यातलं मंगळसूत्र तसंच ठेवलं. हे ऐकून अरुणा घरी येऊन ढसाढसा रडली होती.

रडायला कारण होतं. तिची ऐश्वर्या दुसरीपर्यंत वर्गात तोंड उघडायची नाही. वाचायला उभी केली की घाम फुटायचा. बाईंनी तिला रोज संध्याकाळी घरी बोलावलं, दोन वर्षं, एक पैसा न घेता. पुराचं पाणी बाईंच्या परसातल्या आडात शिरलं, तेव्हा त्यांनी तो दगडमाती टाकून बुजवून घेतला आणि वर छानसा कट्टा बांधला. आता त्या कट्ट्यावर बसून ऐश्वर्या घडाघडा धडे वाचायची. बाई शेजारी बसून ऐकायच्या आणि मधेच तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या.

अशा बाईला निरोपाच्या दिवशी घड्याळ देऊन विधवा ठरवायचं? अरुणाला ते मुळीच पटत नव्हतं.

"येतील ते परत," ती म्हणाली.

"आले तर सोन्याहून पिवळं. पर ते जित्ते नसले आणि तू ओटी भरलीस तर?" अक्काताई पुढं सरकल्या. "भरणारीच्या कुंकवावर येतंय ते. माझ्या माहेरी बघितलंय मी."

अरुणाचा नवरा बापूसो रोज मोटारसायकलवरून कबनूरला जायचा, मागावरचं कापड आणायला. तो यायला तासभर उशीर झाला तरी ती दारात येऊन उभी राहायची. पण तिनं वही मिटली.

"मग मीच भरतो पहिली. काय यायचं ते माझ्यावर येऊ दे."

अक्काताईंनी कनवटीची पन्नासाची नोट काढून तिच्या हातात ठेवली.

"ब्लाऊजपीस मोठा घे. बाई मनगटापतोर बाह्या घालत्यात."

"आता न्हाई घालत. दिवाळीपास्नं आखूडच घालत्यात."

शनिवारी शाळा सुटल्यावर आया वर्गात जमल्या. पोरं मैदानात होती. बाईंना खुर्चीवर बसवलं. अरुणानं पिशवीतून साडी काढली आणि बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला.

"घड्याळ चाललं असतं मला," बाई हळूच म्हणाल्या.

"असं कसं? सवाष्ण हाय तुमी," अक्काताई म्हणाल्या. त्यांच्या पोटात काही राहत नसे. "ह्या अरुणानं सगळं आपल्या अंगावर घेतलंय बाई. तुमचा नवरा नसला, तर काय वाईट व्हायचं ते माझ्या कुंकवाचं हू दे म्हणालीया. एवढा जीव हाय तिचा तुमच्यावर."

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. फाटकापाशी बापूसो मोटारसायकल लावून उभा होता. ऐश्वर्या टाकीवर चढून बसली होती आणि हॉर्न वाजवून बापाला हसवत होती.

अरुणानं बाईंना हळदकुंकू लावलं. तांदूळ, खण आणि नारळ ओंजळीत घेऊन ती वाकली.

"पदर पसरा बाई."

बाईंनी पदर ओढून पोटाशी घट्ट धरला. दुसऱ्या हातानं त्यांनी अरुणाचं मनगट पकडलं. हात थंडगार होता.

"तू नको भरूस."

"का वो?"

"ऐश्वर्याला बाप पाहिजे."

अरुणा कसंनुसं हसली. नारळ हातातून निसटत होता, तो तिनं छातीशी धरला.

"असं काय बोलताय बाई? येतील की ते. शिरोळच्या पुरात बुडताना कुणी बघितलंय त्यांना?"

बाईंनी तिचं मनगट सोडलं. धडा शिकवताना बोलायच्या, तशाच स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "कोण बघणार? ते शिरोळला गेलेच नव्हते. परसाबाहेरसुद्धा पडले नव्हते."