संत क्लाराची अंडी

विमानशास्त्रात श्रद्धेला जागा नाही. म्हणूनच तीस वर्षांपूर्वी आम्ही ब्राझीलचे इंजिनिअर तीन आठवडे संत पेद्रूकडे पाऊस मागत होतो. ओल्या धावपट्टीवर आमचं छोटं जेट वेळेत थांबतं, हे दाखवल्याशिवाय ते विकता येणार नव्हतं. एकविसाव्या दिवशी कँटीनच्या गच्चीवर ओळीनं एकवीस अंडी दिसली. पाऊस रोखायला आमच्याकडे संत क्लाराला अंडी वाहतात. स्वयंपाकीण झुल्मीराबाईंना विचारलं, "हे तुमचं काम?" "मग कुणाचं? ते जेट उडवणारा वैमानिक माझा जावई आहे, तुमचा नाही. घसरला तर?" "ब्रेक मी तपासलेत." "माझा फ्रिजही तुम्हीच तपासला होता, साहेब." दुसऱ्या दिवशी अग्निशामक बंबानं धावपट्टी भिजवली. जावई थांबायच्या खुणेच्या चाळीस मीटर अलीकडे थांबला. झुल्मीराबाईंनी ताज्या अंड्यांचं आम्लेट वाढलं. ढग दिसले की मला अजून एकच आठवतं: बंब तीन आठवडे हँगरमागेच उभा होता.