मातीचं कणीस

सलग तिसऱ्या वर्षी नदी कोरडी होती, ओझी वाहणारे लामा प्राणीही कापून खाऊन संपले होते. कुंभारीण फालेनच्या घरात मक्याचं एकच कणीस उरलं होतं आणि अंगणात तिच्या थोरल्याचं प्रेत कापडात गुंडाळलेलं होतं. "कणीस त्याच्यासोबत पुरायचं. माझा नातू तिकडे उपाशी राहणार नाही," सासूने बजावलं. फालेनने कणीस ओल्या मातीत दाबून साचा घेतला, मग दाणे शिजवून धाकटीला भरवले. चौथ्या दिवशी तिने भट्टीतून कणसाच्या आकाराचं भांडं काढलं. "मेलेल्या पोराला माती खायला घालतेस, सटवे?" भांडं हिसकावत सासू कडाडली. तेवढ्यात तिचं बोट भांड्याच्या टोकाशी अडलं. तिथे चार दाण्यांची जागा रिकामी होती. "हे दाणे कुणी खाल्ले?" "त्यानेच. गेला त्याच्या आदल्या दिवशी," फालेन म्हणाली. "बियाण्याला ठेवलंय म्हणत मीच कणीस त्याच्या तोंडातून ओढून काढलं."