विश्रांतीतली चित्रं

हदगावच्या रामलिंग कंडक्टरच्या लेकीचा, मंजुषाचा, लातुरात दोन वर्षं क्लास करूनही मेडिकलला नंबर लागला नव्हता; आता तिसऱ्या वर्षीही क्लास चालू होता. अवघड गणितं सोडवताना मेंदू कसा चालतो, हे अभ्यासायला तिथल्याच एका दवाखान्यात विद्यार्थ्यांचे एमआरआय काढत होते. रामलिंगनं तिला मुद्दाम तिथं नेलं. मशीनमधून ती बाहेर आल्यावर त्यानं डॉक्टरीणबाईंना हात जोडले. "मॅडम, फोटो बघून खरं सांगा. पोरीला डोकं हाय का न्हाई?" "यातून हुशारी कळत नाही," बाई म्हणाल्या आणि मंजुषाकडे वळल्या. "गणितं करताना तू जराही हलली नाहीस. मधल्या विश्रांतीतली चित्रं मात्र पुसट आलीत. काय झालं होतं?" "रडू येत होतं," मंजुषा म्हणाली. "रिकामं पडलं की बाबाचं तोंड दिसतंय." रामलिंग तिच्याशेजारी बाकावर बसला. क्लासची वेळ टळून गेली, तरी त्यानं तिला ऊठ म्हटलं नाही.