बिनचूक ग्रुप

इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या माझ्या सासरेबुवांनी फोनवरच्या घरच्या ग्रुपचा पार वर्ग करून टाकला होता. बाळंत झाल्यावर मी दवाखान्यातून 'मायसेल्फ अँड बेबी आर फाइन' असं कळवलं, तर बाळाची चौकशी राहिली बाजूला, 'आय' कुठे आणि 'मायसेल्फ' कुठे वापरायचं यावर लांबलचक धडा आला.

काल ते व्हिडिओ कॉलवर भलतेच खुशीत होते. "वर्ष होत आलं, ग्रुपवर एकही चूक नाही. सुधारलात हो सगळे!"

"तुमचीच कृपा," म्हणत शेजारी बसलेल्या सासूबाईंनी आपला फोन हळूच उपडा ठेवला.


सासरेबुवांना वगळून काढलेल्या 'चुकलं तर चुकलं' ग्रुपवर, बाळाने टाकलेलं पहिलं पाऊल सगळं घर पुन्हा पुन्हा बघत होतं.