सुरुवातीची प्रार्थना

गटारात माणूस उतरवायला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या मसुद्यावर आज समितीपुढे शेवटची सुनावणी होती. तिथे आलेल्या एका बाईचा नवरा गटारातच गुदमरून गेला होता आणि धाकटा दीर अजून उतरत होता. तिच्यासाठी भांडणारे मौलाना, पाद्री आणि भिक्षुणी यांना समितीच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, “सुरुवातीची प्रार्थना तेवढी म्हणा आणि निघा. भाषण नको.” सगळे उभे राहिले, तसं तिघांनी तिलाच माईकपुढे केलं. ती हात जोडून म्हणाली, “देवा, उद्या माझ्या दिराला खाली उतरू देऊ नकोस. या साहेबांना त्या मॅनहोलवर वाकून एकदा श्वास घ्यायला लाव.” “हे भाषण झालं,” अध्यक्ष खुर्चीत टेकत म्हणाले. “प्रार्थना चालू असताना बसू नये, साहेब,” मौलाना डोळे न उघडता म्हणाले. अध्यक्ष पुन्हा उठले. “संपली का, बाई?” त्यांनी विचारलं. “मागितलेलं अजून मिळालं नाही.”