निरोगी तालुका

एकाच म्हशीचं दूध, काचेच्या दोन बशा. पहिलीत जंतू माजले होते. दुसरीत काहीच उगवलं नव्हतं. दोन्ही घेऊन श्रीधर आपल्या साहेबांच्या, गिरिधरपंतांच्या, टेबलापाशी उभा राहिला.

नागपूरच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत कासेच्या आजाराचे नमुने गावोगावहून येत. चाळीस जमेपर्यंत ते फ्रीजरमध्ये गोठवायचे, मग एकदम तपासायचे, असा नियम होता. चाळीस जमायला तीन आठवडे लागत. काही जंतू थंडीला भीक घालत नाहीत. इथले मात्र तेवढ्यात बहुतेक मरून जात. मग कागदावर शिक्का बसे : निरोगी. बहात्तर सालापासून, म्हणजे सलग तीन वर्षं, तालुक्यात एकही जनावर आजारी निघालं नव्हतं. नमुने तेवढे वाढतच होते. वरून त्याला 'शेतकऱ्यांतली जागृती' असं नाव मिळालं होतं.

खाप्याच्या जयवंताबाईंनी यंदाची तिसरी बाटली आणली, तेव्हा आत दूध थोडं, पिवळं पाणी आणि गुठळ्याच जास्त. त्यांच्या आधीच्या दोन्ही म्हशी कागदोपत्री निरोगी निघाल्या होत्या. श्रीधरला राहवलं नाही. त्याने अर्धं दूध ताजंच तपासलं, अर्धं नियमाप्रमाणे गोठवलं.

"म्हणजे सर, तीन वर्षांचे आपले अहवाल खोटे."

"खोटे कसे?" गिरिधरपंतांनी चष्मा पुसला. "आपण तपासलं तेव्हा जंतू नव्हतेच. आणि ताजं तपासायचं कोणत्या नियमात बसतं? अजून कायम व्हायचे आहात तुम्ही."

श्रीधर बाहेर आला. बाकावर जयवंताबाई कागदासाठी बसल्या होत्या. त्या दोन म्हशी आपल्या सहीने मेल्या, हे तीन आठवडे त्याच्या मनातून जात नव्हतं. त्याने उभ्याउभ्याच लिहिलं : रोग आहे. खाली सही केली, शिक्का मारला. नोकरी बहुधा त्याच शिक्क्याखाली गेली.

"बाई, म्हशीच्या कासेला दगडी झाली आहे. उद्यापासून सुया सुरू करा. वाचेल."

बाईंनी कागद दोनदा वाचून घेतला आणि त्याच्या पुढ्यात परत ठेवला.

"आजारी हाय हे मले मालूम हाय साहेब. रोज कासेले हात मीच लावतो. तुम्ही काहून लिवलं?"

"मग नमुना कशाला आणलात?"

"मंगळवारी ढोराचा बजार हाय."

"आणि आधीच्या दोन?"

"इकल्या. मेल्या असतीन घेनाऱ्याच्या दावणीले." बाईंनी पदर सारखा केला. "ज्याले ढोर जगवाचं असते, तो डागदर पाहाते साहेब. इकाचं असलं का सारा तालुका तुमच्याकडं येते."