कानस

दस्तगीरचाचांनी तंबोऱ्याची तार छेडली, मान तिरकी करून ऐकलं आणि पुन्हा घोडीवर कानस चालवली. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती ही घोडी. ती नेमकी घासली गेली तरच तंबोरा गुंजतो, आणि गुंजन काही अजून येत नव्हतं.

"बेटा, घासायला कुणीही शिकतं. तू थांबायला शिक," आजोबा सांगायचे. "घासलेलं हाड परत येत नाही." चाळीस वर्षं चाचांनी या एका वाक्यावर दुकान चालवलं होतं.

आणखी दोन हात मारून त्यांनी तार छेडली, तशी समोर बसलेल्या गायिकेने झेप घेऊन त्यांचं मनगटच धरलं. अगदी कानाशी येऊन ती ओरडली, तेव्हा कुठे त्यांना शब्द ऐकू आले.

"अहो चाचा, केव्हाची बास बास म्हणतेय मी! मघाशी इतका सुरेख बोलत होता हो. माझी आई जन्मभर याच आवाजावर गायली!"

चाचांनी घोडीवरून बोट फिरवलं. हाड पार उतरलं होतं.

आजोबांनीही एका सकाळी काम अर्ध्यावर टाकून कानस त्यांच्या हातात दिली होती. "आता तू," एवढंच म्हणाले होते. तेव्हा चाचांना वाटलं होतं, आपण तयार झालो. आजोबांना ऐकू येईनासं झालं होतं, हे आज उमगलं.

कानस कुणाच्या हाती द्यावी म्हणून त्यांनी दुकानभर पाहिलं. भिंतीवर नुसते भोपळे टांगलेले होते.